खेळ खेळणारे पुष्कळ, खेळ बनवणारे किती?

मोबाईलवरचा गेम म्हटला की आपल्या वस्तीतल्या आईबापांच्या कपाळावर आठ्या पडतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. रमीच्या नादात पगार घालवून बसलेली तरुण पोरे सर्वांनीच पाहिली आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला. परंतु त्याच कायद्यात शैक्षणिक खेळांना उत्तेजन द्यावे, असेही म्हटले आहे. म्हणजे जुगार वेगळा आणि गेम तयार करण्याची विद्या वेगळी. आज या विद्येविषयी लिहायचे आहे.

आमच्या विश्रामबागेत 1919 सालचे विलिंग्डन महाविद्यालय आहे, 1947 साली सुरू झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या कामगारांची आणि मार्केट यार्डातल्या हमालांची मुलेही आता कॉलेजची पायरी चढतात. वालचंदच्या विद्यार्थ्यांचा लिनक्सचा ग्रुप आहे, त्यात विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतात. त्याच धर्तीवर गेम तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांचा क्लब कॉलेजाकॉलेजात निघावा, असे आम्हांस वाटते.

एका हमाल बंधूंनी आम्हांला विचारले, "भाऊ, पोराला शिकायला धाडलंय, आन् हे गेम कसले करत बसलंय?" प्रश्न रास्त आहे. पण गेमच्या आत काय चालते ते पाहा. लगोरीचाच गेम करायचा म्हटला, तर खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले, चेंडू कुठवर गेला, ठिकरी पडली की नाही, हे संगणक दर सेकंदाला साधारण साठ वेळा तपासतो आणि प्रत्येक वेळी चित्र नव्याने काढतो. चेंडू कसा खाली यावा, यासाठी अकरावीच्या पुस्तकातले गतीचे नियमच वापरावे लागतात. जे गणित फळ्यावर डोक्यात शिरत नाही, ते इथे डोळ्यांपुढे पळताना दिसते.

या विद्येच्या सुरुवातीच्या काळातही विद्यार्थ्यांच्या मेळाचा मोठा वाटा होता. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत खेळण्यातल्या रेल्वेचा नाद असलेल्या मुलांचा एक क्लब होता. तिथल्या स्टीव्ह रसेल याने मित्रांच्या मदतीने 1962 साली 'स्पेसवॉर' हा गेम तयार केला. एकाने आकाशातले तारे बसवले, दुसऱ्याने गुरुत्वाकर्षण घातले, आणखी दोघांनी रेल्वे क्लबातल्या सुट्या भागांतून खेळायची बटणे बनवली. एकट्याने पुरे होणारे हे काम नव्हतेच. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने 2020 साली 'राजी' हा गेम काढला, तो जगभर खेळला गेला.

आता खर्चाचे. आम्ही कारकून माणसे, हिशेब आधी पाहतो. अर्जेंटिनातल्या दोघांनी तयार केलेले गोदो नावाचे साधन 2014 पासून सर्वांना मोफत खुले आहे. त्यावर केलेला गेम विकला तरी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. चित्रांसाठी ब्लेंडर आहे, तेही फुकट. अडचण येते ती लॅपटॉपची. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाकडे तो नसतो, आणि क्लब घरच्या लॅपटॉपवर चालला तर आपली मुले पहिल्याच महिन्यात गळतील. म्हणून क्लब कॉलेजच्या संगणक कक्षातच भरला पाहिजे.

त्यासाठी पंधरा-वीस विद्यार्थ्यांनी सह्यांचा अर्ज प्राचार्यांना द्यावा, एका प्राध्यापकांना मार्गदर्शक म्हणून विनंती करावी. आठवड्याचे दोन दिवस ठरवून घ्यावेत आणि वेळ अशी ठेवावी, की मुलींना गावाकडची शेवटची एसटी मिळेल. वर्गणी ठेवू नये. हजेरीवही आणि कामाची वही मात्र ठेवावी. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही घ्यावे, कारण गेमला गोष्ट लागते, चित्र लागते, आवाज लागतो. सिनेमाचे गाणे उचलण्यापेक्षा आपल्या वस्तीतली हलगी मोबाईलवर रेकॉर्ड करावी. शिकवणे मराठीतून चालावे. पहिला गेम एका पडद्याचा, महिन्याभरात संपणारा असावा. मोठे मनोरे रचायला जाणारे क्लब पहिल्या सत्रातच मोडतात.

विषय सुचत नसेल तर आम्ही एक सुचवतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णामाई आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेली. तिथे 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका समजतात. सखल भागातल्या गरिबांचे संसार पाण्याखाली गेले. पाणी फुटाफुटाने चढते आहे, हातात थोडा वेळ आहे, घरात म्हातारी आजी, तिची औषधे, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांच्या मार्कलिस्टा आहेत. आधी काय न्यायचे, कोणत्या फुटाला घर सोडायचे? असा गेम आपल्या मुलांनी करावा आणि शाळेतल्या पोरांना खेळायला द्यावा. पुढचा पूर येईल तेव्हा एखादे पोर घरच्यांना वेळेत उठवील.

क्लबात गेलेल्या प्रत्येकाला गेमच्या कंपनीत नोकरी लागेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. तशा जागा थोड्या, आणि त्याही बहुधा पुणे, मुंबई, बंगळूरकडे. परंतु मुलाखतीत "हे आम्ही केले" म्हणून दाखवायला हातात एक पुरे केलेले काम असेल, आणि चारचौघांत मिळून काम कसे करतात हे कळलेले असेल.

पालकांना आमचे एवढेच सांगणे, की पोरगा वा पोरगी संगणकासमोर दिसली तर ओरडण्याआधी विचारा, "खेळतोयस की करतोयस?" करत असेल, तर जरा शेजारी बसा आणि दाखव म्हणा.