लिस्बनमधलं ते घर रिकामं नव्हतं

लिस्बनहून परतलेला मराठी माणूस हमखास दोन गोष्टी सांगतो. अल्फामाच्या जुन्या वस्तीत किती झकास फ्लॅट मिळाला, आणि अठ्ठावीस नंबरच्या ट्रामबरोबर फोटो किती छान आला. गेल्या काही वर्षांत हे मी इतक्या दिवाणखान्यांतून ऐकलं आहे की आता गप्प बसवत नाही. कुठे राहायचं, काय खायचं, काय बघायचं हे आपल्याला निव्वळ आवडीनिवडीचे प्रश्न वाटतात. लिस्बनमध्ये ते तसे नाहीत. तिथे तुम्ही कुठे पाठ टेकता यावर कुणाचं तरी घर टिकतं किंवा जातं. काय बघता यावर आपण आपलीच माणसं लक्षात ठेवतो की पुसून टाकतो, हे ठरतं.

हे मी लांब उभी राहून बोलत नाही. पहिल्या खेपेला मीही अल्फामातच फ्लॅट घेतला होता. जुनी चार मजली इमारत, अरुंद लाकडी जिना, आठ दारं. त्यांतल्या सात दारांशेजारी आकडे फिरवून उघडायच्या किल्ल्यांच्या पेट्या होत्या. आठव्या दारावर नावाची पाटी होती. त्या दारामागे राहणारी म्हातारी बाई एकदा बाजाराची पिशवी घेऊन जिन्यात धापा टाकत उभी दिसली. पिशवी मी वर नेऊन दिली. प्रत्येक मजल्यावर थांबून ती एकेका बंद दाराकडे बोट करी, एक नाव घेई आणि हात नदीपलीकडे दाखवी. तिची भाषा मला येत नव्हती, पण तिचं म्हणणं समजायला भाषा लागत नव्हती. माझ्या दाराशी आल्यावरही तिनं एक नाव घेतलं आणि तसाच हात केला. त्या घराचे मी पाच रात्रींचे पैसे मोजले होते. त्याचे खरे पैसे कुणी मोजले, ते त्या जिन्यात कळलं.

ही माणसं आपण होऊन नदीपलीकडे गेली नाहीत. २०११ साली पोर्तुगालवर ७८ अब्ज युरोंचं कर्ज घ्यायची पाळी आली. सावकारांच्या अटींमध्ये घरभाड्याचा जुना कायदा सैल करणंही होतं. २०१२ साली तो सैल झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूला बाहेर काढणं सोपं झालं. त्याच वर्षी ‘गोल्डन व्हिसा’ आला. पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या आणि देशात राहण्याचा परवाना मिळवा, अशी ती योजना तेव्हा होती. २०१४ साली पर्यटकांना घर भाड्यानं देण्याची नोंदणी सुटसुटीत झाली. तीन वर्षांत तीन दरवाजे उघडले, आणि तिन्हींतून जुना भाडेकरूच बाहेर ढकलला गेला. लिस्बन शहराची लोकसंख्या १९८१ साली ८ लाखांवर होती, २०२१ साली ती साडेपाच लाखांच्याही खाली आली. ही गळती पर्यटनाच्या आधी सुरू झाली होती, उपनगरांनी माणसं आधीच ओढली होती, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच जी उरली होती ती जपायला हवी होती. २०१८ च्या अखेरीस महापालिकेनं अल्फामा, मोरारिया, बायरो आल्तो अशा जुन्या वस्त्यांत नवे परवाने थांबवले. तोवर दारांवर पेट्या लागून चुकल्या होत्या.

अल्फामात आणि मोरारियात भिंतींवर तिथल्या वृद्ध रहिवाशांचे मोठाले फोटो छापलेले आहेत. एका छायाचित्रकार बाईनं फार मायेनं केलेलं ते काम आहे. आपले लोक त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यांशेजारी उभे राहून सेल्फी घेतात, आणि रात्री अशाच कुणाच्या तरी सुटलेल्या घरात झोपायला जातात. हे मला सहन होत नाही. भिंतीवर माणूस दिसतो म्हणून आपण हळवे होतो आणि घरात तो नाही याचं काहीच वाटत नाही, हा निर्लज्जपणा आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

आणि हे आपल्याला कळत नाही, असं तर मुळीच नाही. गोव्यात बाहेरचे लोक येऊन गावातली जुनी घरं विकत घेतात, त्यांचे व्हिला करतात, विहिरी आटवतात, गावातल्या पोराला गावात खोली परवडत नाही. याबद्दल आपण किती तावातावानं बोलतो! गोंयकाराचा संताप आपल्याला पटतो. मग लिस्बनला उतरल्यावर तोच संताप आपण बॅगेत कोंबून का ठेवतो? तिथे आपणच ते बाहेरचे असतो. भाषा बदलली म्हणून पाप बदलत नाही.

मला ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं: फ्लॅट स्वस्त पडतो, चौघांचं कुटुंब मावतं, खिचडी टाकता येते. दुसरं: पर्यटनानं त्यांना रोजगार मिळतो, उपकारच आहेत आपले. तिसरं: आपण रात्रीमागे माणशी चार युरो पर्यटनकर भरतो की. तिसऱ्यापासून सुरुवात करते. कर भरल्यानं कुणाचं घर परत मिळत नाही. रोजगाराचं म्हणाल, तर २०२५ साली तिथलं किमान वेतन महिना ८७० युरो होतं. तुमची चादर बदलणारी बाई त्या पगारात अल्फामात राहू शकत नाही, म्हणून ती पहाटे नदीपलीकडून बोटीनं येते. ज्या रोजगारासाठी गाव सोडावं लागतं त्याला उपकार म्हणायची जीभ होते तरी कशी? आणि खिचडी? आठवड्याच्या खिचडीसाठी एका कुटुंबाचं स्वयंपाकघर काढून घ्यावं, इतकी भूक कुणालाच लागत नाही.

मग राहायचं कुठे? हॉटेलात. जे हॉटेल म्हणूनच चालतं, तिथे. आरोयुश, आंजुश, साल्दान्या या भागांत साधी, स्वच्छ, लहान हॉटेलं आहेत. आरोयुशहून मेट्रोची हिरवी लाईन सरळ रोसियोला आणि पुढे नदीकाठी काइश दु सुद्रेला पोचवते. खाली उतरलात की किराणा दुकान, न्हावी, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं आहे. शहर बघायचं म्हणता ना? ते असंच असतं. पायाखालचे ते चुनखडीचे आणि काळ्या बसाल्टचे हातानं बसवलेले दगड तिथेही आहेत. फक्त त्यांवरून रात्री दोन वाजता सुटकेस खडखडत नेऊ नका. कुणीतरी झोपलेलं असतं.

खाण्याचं तर आपण मातेरं करतो. चौकातल्या ज्या हॉटेलाच्या दारात माणूस उभा राहून बोलावतो, मेनूवर सहा भाषा आणि पदार्थांचे फोटो असतात, तिथेच आपण बसतो. मग घरी येऊन सांगतो की पोर्तुगीज जेवण सपक असतं. तुम्ही पोर्तुगीज जेवण जेवलातच कुठे? तास्का शोधा. तास्का म्हणजे आपल्या खानावळीसारखी जागा: कागदी टेबलक्लॉथ, काचेवर हातानं लिहिलेला ‘प्रातु दु दिया’ म्हणजे आजचं ताट, आणि दुपारी साडेबाराला कारकून आणि गवंड्यांची गर्दी. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं, नको असेल तर हात लावू नका, बिलात लागत नाही. कॉफीला तिथे ‘बिका’ म्हणतात. सार्डिन ताजे हवेत तर उन्हाळ्यात जा. जूनमध्ये सांतु आंतोनियुच्या सणाला गल्लीगल्लीत शेगड्या पेटतात. जानेवारीत मिळतात ते गोठवलेले. बाकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड मासा हा त्यांचा जीव की प्राण, पण तो येतो उत्तरेच्या थंड समुद्रातून.

शाकाहारी मंडळींनी आठवडाभर बिस्किटांवर राहण्याचं काही कारण नाही. आसोर्दा मागा: शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल, वर अंडं चालत असेल तर अंडं, आणि मूठभर कोथिंबीर. होय, कोथिंबीर. युरोपात इतक्या सढळ हातानं कोथिंबीर घालणारं स्वयंपाकघर मी दुसरं पाहिलं नाही. ‘पेशिन्युश द ओर्ता’ म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या शेंगा. आपली भजीच ती. लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे. ते मुख्यतः मोझांबिकमार्गे लिस्बनला आलेल्या गुजराती कुटुंबांनी उभं केलं, आणि तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी जेवण मिळतं. साध्या बेकरीत ‘शामुसा’ दिसेल. तो समोसा आहे, आणि तो गोव्यामार्गे व मोझांबिकमार्गे तिथे पोचला आहे. गोंयकारांच्या खानावळीही आहेत. अशाच एकीत वाढणाऱ्या बाईंनी माझं बोलणं ऐकून विचारलं, “तुमी खंयच्यान आयल्यात?” सहा दिवसांत मला कुणी पहिल्यांदाच ओळखलं होतं. आपण पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द रोज तोंडात घोळवतो. ते याच लोकांचे आहेत. ज्यांचे शब्द शतकानुशतकं आपल्या जिभेवर आहेत, त्यांच्या ताटाशी आपण दहा मिनिटं नीट बसत नाही.

आता बघण्याचं, आणि इथे माझा राग सर्वांत जास्त आहे. बेलें भागात गेल्यावर आपले ग्रुप जेरोनिमोश मठात वास्को द गामाच्या कबरीपाशी हसतमुखानं फोटो काढतात. त्या मठाला मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून पैसा मिळाला. त्या मसाल्यांची किंमत आपल्या किनाऱ्यानं मोजली आहे. १५०२ साली याच वास्को द गामानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. पलीकडे नदीकाठी ५० मीटरहून उंच ‘शोधांचं स्मारक’ आहे. सालाझारच्या हुकूमशाहीनं ते १९६० साली काँक्रीट आणि दगडात उभं केलं. आपल्याला कुणी ‘शोधून’ काढलं नव्हतं. आपण इथे होतोच. मराठी टूर गाईडनं मराठी प्रवाशांना ‘शोध’ हा शब्द न अडखळता सांगावा आणि कुणी हूं की चूं करू नये, याची मला शरम वाटते. ज्या मातीत चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मातीतली माणसं ही!

मठ बघू नका असं मी म्हणत नाही. त्याची दगडी कमान पाहून कुणाचाही श्वास अडकेल. पण डोळे उघडून बघा. अल्फामाच्या पायथ्याशी ‘काझा दुश बिकुश’ आहे, भिंतभर हिऱ्यासारखी टोकं असलेलं घर. अफोन्सो द अल्बुकर्कच्या मुलानं ते १५२३ साली बांधलं. हा तोच अल्बुकर्क, ज्यानं १५१० साली गोवा घेऊन तिथल्या मुसलमानांची कत्तल केली आणि राजाला पत्रानं कळवलं. आज त्याच घरात नोबेलविजेते लेखक जुझे सारामागु यांच्या नावाची संस्था आहे, आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे. तिथून थोडं वर कॅथेड्रलजवळ आल्जुब. सालाझारच्या काळात राजकीय कैद्यांना जिथे डांबत, ते आता संग्रहालय आहे. एक माणूस जेमतेम मावेल अशा कोठड्या तिथे दाखवल्या आहेत. अठ्ठावीस नंबरची ट्राम आल्जुबच्या दारावरून जाते. आत बसलेले आपले लोक मोबाईल वर धरून कॅथेड्रलचा व्हिडिओ काढत असतात. बाहेर थांब्यावर पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या ती भरलेली ट्राम पुन्हा एकदा सोडून देतात. त्यांच्यासाठी ती ट्राम म्हणजे बाजारातून घरी जायची गाडी आहे. चढ चालून जा. पाय धड असतील तर तेवढं तरी करा.

शेवटच्या दिवशी सगळे काश्काइशला जातात, समुद्रावर. काइश दु सुद्रेहून लोकल सुटते, चाळीसेक मिनिटं, डाव्या हाताला पाणी. वाटेत काशियाश नावाचं स्टेशन लागतं. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण गोव्यात शिक्षक म्हणून गेला आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाला. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. १९६० साली त्यांना पोर्तुगालला नेलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आपण पेढे वाटले, आणि हा माणूस आणखी सात वर्षं परक्या तुरुंगात राहिला. संगीतकार सुधीर फडक्यांसारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले.

त्या लोकलमध्ये मी एका मराठी कुटुंबासमोर बसले होते. गाडी काशियाशला थांबली तेव्हा त्यांच्यातल्या मुलानं स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “इथे काय आहे?” आई म्हणाली, “काही नाही रे, आपलं पुढचं.”

मी त्या मुलाला सांगितलं काय आहे ते. दारं बंद होईपर्यंत तो टेकडीकडे बघत होता. तुमच्या यादीत हे स्टेशन नसेल, कारण ज्यांनी ती यादी केली त्यांना रानडे कोण हे माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला आहे. काशियाशला उतरा. गाड्या मागून येत राहतात. समुद्र आणखी अर्ध्या तासानंही तिथेच असेल.