रक्ताचा अहवाल म्हणजे गुणपत्रिका नव्हे

विद्यार्थिमित्रांनो, लंबकाचा आवर्तकाल मोजून झाला की शिक्षक तुम्हांला विचारतात : एकक कोणते? किती वेळा मोजले? त्रुटी किती? हे प्रश्न प्रयोगवहीपुरतेच असतात, असा पुष्कळांचा समज आहे. घरी कोणाचा रक्ततपासणीचा अहवाल आला, की हा समज महागात पडतो. आकड्याशेजारी तारा दिसला की घर घाबरते. तारा नसला की ‘सगळे नॉर्मल’ म्हणून कागद कपाटात जातो. माझ्या मते ही दोन्ही वाचने चुकीची आहेत.

आकड्यापुढे छापलेली संदर्भमर्यादा कशी ठरते, ते आधी पाहू. पुष्कळशा चाचण्यांसाठी अनेक निरोगी माणसांचे रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा छापतात. म्हणजे १०० निरोगी माणसांपैकी ५ जण पट्ट्याबाहेर राहणारच! आता गणित करा. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर सर्व आकडे पट्ट्यात येण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. उरलेल्या ६४ टक्के निरोगी माणसांच्या अहवालात निदान एक तारा दिसेल. तारा म्हणजे रोग नव्हे; तो केवळ ‘इकडे लक्ष द्या’ असे सांगतो.

थायरॉइडचेच उदाहरण घ्या. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ‘टीएसएच’ नावाचे संप्रेरक सोडते आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला कामाला लावते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की पोष ग्रंथी टीएसएच वाढवते, जास्त झाले की घटवते. विजेच्या इस्त्रीतील तापनियंत्रकाचेही तत्त्व हेच. म्हणून टीएसएच वाढले, याचा अर्थ थायरॉइड जोरात चालली आहे असा नसून बहुधा ती मंदावली आहे असा होतो. प्रौढांसाठी हा पट्टा दर लिटरला साधारण ०.४ ते ४ मिलि-आंतरराष्ट्रीय एकके असतो. प्रयोगशाळेनुसार तो थोडा बदलतो. शिवाय टीएसएच रात्री चढते आणि दुपारी उतरते. तेव्हा एकदाच ४.६ आकडा आला, तर डॉक्टर बहुधा थायरॉक्सिनही पाहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. लंबकाच्या प्रयोगात तुम्ही तेच करता ना?

इतकी अल्प संप्रेरके मोजण्याची वाट एका भौतिकीच्या विदुषीने दाखवली, हे मुद्दाम सांगतो. रोझलिन यॅलो यांनी १९४५ मध्ये अणुकेंद्रीय भौतिकीत डॉक्टरेट मिळवली. पुढे डॉ. सॉलोमन बर्सन यांच्यासह त्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधली. त्यासाठी १९७७ मध्ये यॅलो यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता उलट बाजू पाहू. आकडा पट्ट्यात असूनही माणूस थकलेला असू शकतो. हिमोग्लोबिन हा पिठाचा डबा समजा, आणि लोहाचा साठा म्हणजे कणगी. कणगीत किती धान्य आहे, ते फेरिटिन या प्रथिनाच्या मोजमापावरून कळते. अन्नातून लोह कमी मिळाले किंवा मासिक पाळीत अधिक गेले, की शरीर आधी कणगी उपसते. डबा रिकामा होतो तो शेवटी. म्हणून एखाद्या मुलीचे हिमोग्लोबिन १२.२ ग्रॅम, म्हणजे १२ च्या मर्यादेवर असेल आणि फेरिटिन मात्र ८. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते किशोरवयात आणि प्रौढपणी दर लिटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. पण इथेही सावध राहा : अंगात संसर्ग किंवा दाह असला की फेरिटिन चढते आणि रिकामी कणगी भरलेली भासते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होतो असे नाही. पण हे मोजमाप हिमोग्लोबिनचे होते. डबा भरलेला आणि कणगी रिकामी, अशा मुली त्यात मोजल्याच गेल्या नाहीत.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. ‘मापन’ हा पाठ शिकवताना नाव झाकलेला एखादा अहवाल वर्गात आणा. एकक कोणते, पट्टा कोणाचा, कधी मोजले, पूर्वीचा आकडा काय होता, हे चार प्रश्न मुलांना विचारू द्या. गोळ्या ठरवणे मात्र डॉक्टरांचेच काम. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरापाशी नाही, तेव्हा स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या घेणे धोक्याचे.

आणि शेवटच्या बाकावर डोके टेकून बसणाऱ्या मुलीला आळशी ठरवण्यापूर्वी, तिची कणगी कोणी मोजली आहे का, एवढे तरी विचारा.