ग्रीन स्लो, खिसा फास्ट

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी जरा उभे राहा. वीकेंडला गोल्फ खेळून आलेले चार जण हमखास भेटतील, चौघंही एकाच कोर्सवरून आलेले. पहिला म्हणेल, "फेअरवे झक्कास!" दुसरा म्हणेल, "कसला झक्कास, बॉल चिखलात रुतत होता यार." तिसऱ्याच्या मते ग्रीन स्लो. चौथा काहीच बोलणार नाही, नुसता बिलाचा आकडा सांगेल. आता हळूच चौघांचे स्कोअर विचारा. नव्वदच्या आत आलेल्याला कोर्स आवडलेला असतो, एकशेदहा मारणाऱ्याला गवतात खोट दिसते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पण गंमत बाजूला ठेवू. ही चर्चा आता आपल्यासारख्यांच्या कामाची झालीय. मुंबईत गोल्फ म्हणजे क्लबची मेंबरशिप, असंच समीकरण होतं. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. आपण लोकलमधून प्रवास करणारे, आपला त्याच्याशी संबंध येणार कुठून? २०१२ मध्ये सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी कोर्स सुरू केला आणि 'पैसे भरा, खेळा' हा मामला नवी मुंबईत आला. स्वतःच्या पाकिटातून ग्रीन फी भरायची म्हटल्यावर माणूस विचारणारच, एवढ्या पैशात मिळालं काय?

तर कोर्सला मार्क देताना आधी कॅलेंडर बघा. या पट्ट्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. जुलैत जमीन स्पंजसारखी होते, बॉल पडतो तिथेच बसतो. मे महिन्यात तीच जमीन कडक होते आणि साधा ड्राइव्हसुद्धा वीस-पंचवीस यार्ड फुकट पळतो. (तेव्हा मात्र कोर्सला कोणी थँक्यू म्हणत नाही.) पावसाळ्यात फेअरवेवर बॉल रुतला तर नियमाप्रमाणे पेनल्टीशिवाय उचलून ड्रॉप करता येतो, साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका मिळते. हे माहीत नसल्यामुळे चिखलात बॅट फिरवल्यासारखी क्लब फिरवणारे आणि मग मॅनेजरच्या नावाने शंख करणारे महाभाग भरपूर आहेत.

सगळ्यात मोठी तक्रार अर्थात ग्रीनची. ग्रीन फास्ट की स्लो हे मोजायला चक्क एक पट्टी असते, स्टिंपमीटर. १९३५ ची यूएस ओपन बघताना एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फरला शंका आली, की ग्रीन जरा अतीच फास्ट आहेत. त्याने खाच असलेली एक पट्टी बनवली. पट्टी हळूहळू उचलायची, बॉल घरंगळू द्यायचा आणि तो किती फूट गेला ते मोजायचं. रोजच्या खेळाच्या कोर्सवर आठ-नऊ फूट आलं तर उत्तम चाललंय असं समजा. टीव्हीवरच्या बड्या स्पर्धांत हा आकडा बाराच्या घरात जातो आणि आपल्याला तेच हवं असतं! पण ग्रीन फास्ट करायचं म्हणजे गवत आणखी बारीक कापायचं. उन्हाळ्यात बारीक कापलेलं गवत लगेच मान टाकतं. मग त्याला जास्त पाणी, जास्त माणसं, जास्त औषधं. हे पैसे शेवटी कुठून येणार? तुमच्या-आमच्या ग्रीन फीमधूनच. मे महिन्यात शहराच्या अर्ध्या सोसायट्या टँकरची वाट बघत असताना फेअरवे थोडा पिवळा दिसला तर मला तरी तो प्रामाणिक वाटतो. हिरव्या गालिच्याचा हट्ट सगळ्यांनीच धरला, तर पैसे भरून खेळायचा कोर्सही हळूहळू फक्त मोठ्या पाकिटांसाठी उरेल. मग कॉफी मशीनपाशी तक्रार करायलाही कोणी नसेल.

ग्रीनवर बारीक भोकं आणि वाळू दिसली, तर ती आबाळ नाही. मुळांना हवा मिळावी म्हणून ती मुद्दाम पाडलेली असतात. एक-दोन आठवडे पट उड्या मारतो, हे मात्र खरं. त्या दिवसांत फी कमी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान बुकिंगच्या वेळी तरी सांगा ना राव!

आणि ग्रीनवरचे खड्डे? ते तर आपलेच पराक्रम. बॉल उंचावरून पडला की खळगा पडतो. छोट्या फोर्कने कडेची माती मधोमध ढकलायची आणि पटरने थापटायचं, पाच सेकंदांचं काम. लगेच केलं तर जखम लवकर भरते, नाही तर डाग कित्येक दिवस राहतो. आपण सेल्फी काढून पुढे जातो आणि हे काम माळी करत बसतो. याच माळ्यांतल्या एकाचा मुलगा म्हणजे एसएसपी चौरसिया. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, हा तिथेच खेळ बघत वाढला आणि २०१६, २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला.

आता पैसा वसूलचा हिशोब. अठरा होल म्हणजे चार-साडेचार तास आणि सात-आठ किलोमीटरची पायपीट. समजा सगळं मिळून दोन हजार गेले, तर तासाला साडेचारशेच्या आसपास पडले. शुक्रवारच्या पबमध्ये एवढ्यात काय येतं, तुम्हीच सांगा. फक्त फोन केल्यावर नुसती ग्रीन फी विचारू नका. कॅडी, भाड्याचे क्लब, कार्ट, टॅक्स यांचं काय तेही विचारा, बिल तिथेच फुगतं. ग्रीनला भोकं कधी पाडली हेही विचारा. पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प झाला, तर पुढच्या आठवड्याचं बुकिंग करा.

दर बहुतेक ठिकाणी वीकडेला कमी असतात, गर्दीही नसते. म्हणजे गुरुवार दुपार बेस्ट. ऑफिसात डेंटिस्टचं कारण चालून जातं. फक्त बॉसचा टी-टाइम किती वाजताचा आहे, ते आधी बघून घ्या.