हापुसाचें नांव आणि शेजारधर्म

चैत्र उजाडला आणि हापुसाच्या पेट्या वाशीच्या बाजारांत भराभर उतरूं लागल्या, कीं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत एक जुनें गाऱ्हाणें नव्या जोमानें सुरू होतें. कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटींत भरला जातो. स्वस्त फळ आमच्या नांवावर महाग विकलें जातें. गिऱ्हाईक फसतें आणि बागायतदार बुडतो. हें गाऱ्हाणें खोटें आहे असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु त्यावरून सभांतून व वर्तमानपत्रांतून जो निष्कर्ष काढला जातो, कीं शेजारचें राज्य हेंच चोर आहे, त्याचा माल बाजारांतून हांकलून लावावा, आणि सरकारनें आम्हांस दिलेल्या नोंदणीच्या कागदानें तें काम आपोआप होईल, तो निष्कर्ष सर्वस्वीं चुकीचा व आमच्याच हिताला घातक आहे. तें दाखविण्यासाठींच हा लेखप्रपंच आहे.

हा कागद म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. १९९५ सालीं जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली, आणि तिच्या बौद्धिक संपदेच्या करारानें एखाद्या प्रदेशाच्या मालाला त्या प्रदेशाचें नांव लावण्याचा हक्क मान्य केला. परंतु त्याच करारांत अशीहि तरतूद आहे कीं, ज्या नांवाला त्याच्या मायदेशांतच संरक्षण नाहीं, त्याचें रक्षण करण्यास दुसरा देश बांधलेला नाहीं. ही तरतूद आपणांस किती जड जाणार, हें लवकरच दिसून आलें. १९९७ सालीं टेक्सासमधील एका कंपनीनें बासमतीच्या वाणांवर अमेरिकेंत पेटंट मिळविलें. भारताच्या हरकतीनंतर त्यांतील बरेचसे दावे गळाले, तरी घरांत कायदा नसलेल्या माणसानें परक्याच्या दारांत न्याय मागावा कसा, हा प्रश्न उरलाच. संसदेनें १९९९ सालीं भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्याचें नोंदणी कार्यालय चेन्नईस आहे. या कायद्याखालीं ऑक्टोबर २०१८ मध्यें पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पांच जिल्ह्यांतील हापुसाला मानांकन मिळालें. त्यापूर्वीं रत्नागिरी व देवगड यांनीं आपापल्या वेगळ्या नांवाचा आग्रह धरला होता, आणि त्या घरगुती तंट्यांत कित्येक वर्षें गेलीं, ही गोष्टहि विसरण्याजोगी नाहीं.

या हक्काचें स्वरूप गांवच्या पाणवठ्यासारखें आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. तो विकतां येत नाहीं, गहाण टाकतां येत नाहीं, भाड्यानेंहि देतां येत नाहीं. मूळ नोंद संस्थांच्या नांवें होते. परंतु प्रत्येक बागायतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव निराळें नोंदविल्याशिवाय त्याला पेटीवर मानांकन मिरवितां येत नाहीं, कीं नक्कल करणाऱ्यावर स्वतः दावाहि लावतां येत नाहीं. न्यायालय या बाबतींत कोणाच्या भावनेची चौकशी करीत बसत नाहीं. जून २०२५ मध्यें इटलीच्या प्राडा कंपनीनें मिलान येथें कोल्हापुरी चपलांच्या धर्तीचे जोड मूळ कारागिरांचा उल्लेखहि न करतां मांडले, तेव्हां कांहीं वकिलांनीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत लोकहिताची याचिका केली. जुलैमध्यें ती फेटाळली गेली. ज्यांच्या नांवावर नोंद आहे, ते न्याय मागण्यास समर्थ आहेत. त्यांनीं यावें, असा न्यायालयाचा अभिप्राय पडला. अभिमान सर्वांना असतो. हक्क मात्र ज्याची नोंद आहे त्यालाच असतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. पांच जिल्ह्यांतील बागा किती आणि वापरकर्ता म्हणून नोंद केलेले बागायतदार किती, याचा मेळ घातला तर मान खालीं घालावी लागते. जो स्वतःचें नांव वहींत लिहावयास तयार नाहीं, त्यानें दुसऱ्यानें नांव चोरलें म्हणून ओरडावें, यांत न्याय कोणता? शिवाय परक्या फळावर रत्नागिरीची पेटी चढते, ती कांहीं आपल्या पायांनीं चालत जाऊन चढत नाहीं. ती छापणारा कोणीतरी असतो, पुरविणारा असतो, भरणारा असतो, आणि सर्व ठाऊक असून मौन धरणारा असतो. आणि हे सारे तुंगभद्रेपलीकडचेच असतात, असें छातीवर हात ठेवून कोण सांगेल? जेथें कुंपणच शेत खातें, तेथें शेजाऱ्याच्या गुरांवर धोंडे मारून पीक कसें वांचणार? देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेनें या बाबतींत दाखविलेला मार्ग अनुकरणीय आहे. २०२५ च्या हंगामापासून तिनें फळावर सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा नियम केला, आणि ज्याचीं जितकीं झाडें त्या मानानें त्याला तितक्याच पट्ट्या देण्याची व्यवस्था योजिली. झाडांपेक्षां फळें अधिक झालीं, तर हिशेबच बोलेल. चोर पकडण्यापूर्वीं आपली तिजोरी मोजून ठेवावी, हें साधें शहाणपण त्यांत आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, हापूस या नांवाचा अहंकार आपण जपून केलेला बरा. हा शब्द पोर्तुगीज अफोंसोवरून आला, गोव्यांत पोर्तुगीजांनीं कलमें बांधण्याची विद्या रुजविली, आणि तेथून हें फळ किनाऱ्यानें वर चढलें, असें परंपरा सांगते. तेव्हां नांव परक्याचें, कलम गोव्याचें. मग आमचें काय? आमचा आहे तो जांभ्याचा कातळ. त्या कातळांत सुरुंग लावून खड्डे खणले, टोपलीटोपलीनें माती वाहून ते भरले, मोहोराच्या दिवसांत तुडतुड्याशीं व अवकाळी पावसाशीं झुंज दिली, देठ न तुटेल अशा बेतानें झेल्यानें फळ उतरविलें, पेंढ्याच्या अढींत तें घातलें. या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमांनीं त्या परक्या नांवाला कीर्ति आली. कायदाहि हेंच म्हणतो: मालाचा गुण वा लौकिक मुख्यतः त्या भूमीमुळें असला पाहिजे. याचाच अर्थ असा कीं, आमचा हक्क श्रमाचा आहे, रक्ताचा नव्हे. आणि श्रमाचा हक्क ज्याला मागावयाचा आहे, त्याला दुसऱ्याच्या श्रमाविषयीं आंधळें राहतां येणार नाहीं.

येथेंच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. धारवाडकडच्या शेतकऱ्याचा आंबा रत्नागिरीच्या नांवानें विकला गेला, म्हणजे त्या शेतकऱ्याचें कल्याण झालें, असें आपण गृहीत धरतों. वस्तुतः त्याला धारवाडच्या फळाचाच भाव मिळतो. रत्नागिरीच्या नांवाची वाढीव किंमत मधल्यामध्यें ज्यानें पेटी बदलली त्याच्या खिशांत जाते. बरें, फळ गोड निघालें तर वाहवा रत्नागिरीची, धारवाडची नव्हे! म्हणजे त्या शेतकऱ्यानें दहा वर्षें उत्तम फळ पिकविलें तरी त्याच्या गांवाला नांव म्हणून मिळावयाचें नाहीं. आमचें नांव चोरीस जातें. त्याचें नांव जन्मालाच येत नाहीं. एकाच लबाडीनें दोन शेतकरी लुटले जातात, आणि ते दोघे एकमेकांनाच लुटारू समजून सीमेच्या दोन बाजूंस दांतओठ खात उभे राहतात, याहून त्या लबाडाला सोयीची स्थिति दुसरी कोणती?

नांवाचे तंटे शेजाऱ्याशीं भांडून मिटतात कीं बोलून, याचे दाखले पुष्कळ आहेत. बासमतीचें उदाहरण घ्या. हिमालयाच्या पायथ्याचें तें धान्य भारतांतहि पिकतें आणि पाकिस्तानांतहि. भारतांत २०१६ सालीं त्याची नोंद झाली. २०१८ सालीं भारतानें युरोपीय संघाकडे त्या नांवासाठीं अर्ज केला. पाकिस्ताननें त्यास हरकत घेतली आणि २०२० सालीं घाईघाईनें स्वतःचा कायदा केला. एका सुपांतले दोन दाणे परक्या कचेरींत एकमेकांविरुद्ध वर्षानुवर्षें पुरावे मांडीत बसले.

उलट कोल्हापुरी चपलेकडे पहा. महाराष्ट्र व कर्नाटक यांचा सीमातंटा किती कडवट आहे, हें बेळगांवचें नांव घेतांच मराठी माणसाला कळतें. तरीहि २०१९ सालीं या चपलेचें मानांकन दोन्ही राज्यांना मिळून मिळालें: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडचे बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कातडें कमावणारा व टांका घालणारा कारागीर सीमेच्या दोन्ही अंगांस आहे, हें सत्य दोघांनींहि मान्य केलें. म्हणूनच पुढें प्राडाचें प्रकरण उद्भवलें तेव्हां त्या कंपनीला डिसेंबर २०२५ मध्यें दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं एकत्र बसून करार करावा लागला. ही दोन राज्यें आपसांत भांडत असतीं, तर तिनें एकाला हाताशीं धरून दुसऱ्याला वाटेला लावलें नसतें कशावरून?

दूरचा दाखला हवा असेल, तर फ्रान्सांतील शांपेन प्रांताचा आहे. बाहेरचीं द्राक्षें आणून व्यापारी शांपेनच्या नांवानें दारू विकतात, म्हणून १९११ सालीं तेथील बागाइतदारांनीं तळघरें फोडलीं आणि दारू रस्त्यांतून वाहविली. सैन्य आणावें लागलें. हद्दीबाहेर टाकलेले शेजारच्या ओब जिल्ह्याचे शेतकरी तेवढ्याच त्वेषानें उठले. तो प्रश्न दंग्यांनीं सुटला नाहीं. १९२७ च्या कायद्यानें ओबला आंत घेऊन हद्द ठरली, आणि १९४१ सालीं बागायतदार व व्यापारी या दोघांची संयुक्त समिति झाली, तेव्हां कोठें त्या नांवाला आजचा दरारा आला.

यावर आमचे मित्र म्हणतील, “म्हणजे आमचा हक्क सोडून द्यावा कीं काय?” मुळींच नाहीं. गुजरातेंतून ‘वलसाड हापूस’ या नांवासाठीं अर्ज झाला आणि कोंकणांतील बागायतदारांनीं त्यास हरकत घेतली; ती हरकत कायद्यानें दिलेल्या मार्गानें घेतली, हें योग्यच झालें. त्याचा निर्णय पुराव्यावर होईल. परंतु ‘वलसाड’ हा शब्द पेटीवर ठळक छापूं पाहणारा शेजारी आणि स्वतःचा गांव लपवून ‘रत्नागिरी’ छापणारा व्यापारी, हे दोघे एका तागडींत घालण्याजोगे आहेत काय? पहिल्याशीं वाद होऊं शकतो, म्हणून समेटहि होऊं शकतो. दुसऱ्याशीं मात्र कसलाच समेट नाहीं. आमची सारी आग पहिल्यावर खर्च होते, आणि दुसरा आमच्याच सभेंत पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो!

तेव्हां करावयाचें काय? कोंकण, गोवा, कर्नाटक व गुजरात येथील बागायतदारांच्या संस्था आणि मुंबई-पुण्याच्या बाजारसमित्या यांनीं एकत्र बसून एकच नियम मान्य करावा, कीं फळ ज्या तालुक्यांत पिकलें त्याचें नांव पेटीवर असल्याशिवाय ती बाजारांत उतरणार नाहीं, आणि पेटी बदलणारा अडत्या कोणत्याहि राज्याचा असो, त्याचा परवाना जाईल. शेजाऱ्याच्या फळाला स्वतःचें नांव मिळावें म्हणून आपणहि हात द्यावा. गोव्याच्या मानकुरादला व अंकोल्याच्या करी ईशाडला २०२३ सालीं मानांकन मिळालेंच आहे. त्यामुळें आमच्या हापुसाचा एक दाणाहि कमी विकला गेला नाहीं. रसगुल्ल्यासाठीं बंगाल व ओरिसा यांनीं केवढें रण माजविलें! अखेर २०१७ सालीं एकाच्या व २०१९ सालीं दुसऱ्याच्या नांवाची वेगळी नोंद झाली, आणि दोन्हीकडचे हलवाई सुखानें नांदत आहेत. ज्याला स्वतःचें नांव आहे, त्याला दुसऱ्याचें चोरण्याची गरज उरत नाहीं.

शेवटचे दोन शब्द आमच्या वाचकांस. पेटींतल्या रद्दी वर्तमानपत्राची लिपि कानडी आहे कीं मराठी, एवढें पाहून आंब्याचें कूळ ठरविणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. वर्तमानपत्र बदलणें हें पेटी बदलण्याहूनहि सोपें आहे, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं. ‘रत्नागिरीच हवा, पण कर्नाटकच्या भावांत हवा’ असा हट्ट जोंवर सुशिक्षित घरांतून चालतो, तोंवर तो पुरविणारा व्यापारी निपजणारच. अधिकृत क्रमांक विचारा, बिल मागा, आणि ज्याला रत्नागिरी परवडत नसेल त्यानें धारवाडचा आंबा धारवाडचा म्हणून, ताठ मानेनें, गोडी घेऊन खावा. त्यांत कसलीहि लाज नाहीं. लाज आहे ती खोट्या नांवाची. आणि ती विकणाऱ्याइतकीच, जाणूनबुजून घेणाऱ्याचीहि आहे.