रिकाम्या तासांचे मोल

पक्षाघाताचा झटका क्षणात येतो; त्यातून सावरण्यास मात्र महिनोन्महिने लागतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित होतो किंवा तेथील रक्तवाहिनी फुटते आणि कालपर्यंत सहज हलणारा हात लुळा पडतो. कोणाची वाचा जाते, कोणाला ओळखीचे शब्दही आठवत नाहीत. जिवावरचा धोका टळला, की पुनर्वसनाचा काळ सुरू होतो. फिजिओथेरपिस्ट येतात, व्यायाम करवून घेतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. दिवसाच्या उरलेल्या तासांचे काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो विचारला. मेलबर्नमधील पाच रुग्णालयांत, झटका येऊन चौदा दिवसही न झालेल्या रुग्णांचा दिवस कसा जातो, याची त्यांनी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ खाटेवर पडून होते आणि सुमारे ६० टक्के वेळ एकटे होते. प्रकृती सुधारण्यास उपयोगी पडेल अशा हालचालींत त्यांचा अवघा १३ टक्के वेळ गेला होता.

या एकटेपणाचा मेंदूशी काय संबंध? त्याचे उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांनी दिले आहे. अमेरिकेतील बर्कले येथे मेरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले, की सोबती आणि खेळण्याच्या नाना वस्तू मिळालेल्या उंदरांच्या मेंदूचे बाह्य आवरण एकाकी उंदरांच्या तुलनेत अधिक जाड होते. पुढे १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या उंदरांवर प्रयोग केला. ज्यांना केवळ धावण्याचे चाक मिळाले, त्यांच्यापेक्षा सोबत आणि वैविध्य या दोन्ही गोष्टी मिळालेले उंदीर हालचालींत अधिक सुधारले. मेंदूतील मृत भाग पुन्हा जिवंत झाला नव्हता. परंतु उरलेल्या मेंदूने कामे नव्याने शिकून घेतली असावीत. अशा परिसराला शास्त्रज्ञ 'समृद्ध परिसर' म्हणतात.

हाच विचार ऑस्ट्रेलियात रुग्णालयात आणला गेला. पुस्तके, संगीत, कोडी, बैठे खेळ, संगणक आणि एकत्र बसण्याची जागा रुग्णांना उपलब्ध करून देण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासात रुग्ण अधिक वेळ कशात तरी गुंतलेले आढळले. त्यांचे झोपून राहणे आणि एकटे पडणे कमी झाले. अभ्यासातील रुग्ण मोजकेच होते, म्हणून त्यावरून मोठे दावे करणे योग्य नव्हे. शिवाय 'जितके अधिक तितके चांगले' हेही खरे नाही. झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवल्यास लाभाऐवजी हानी होऊ शकते, असे २०१५ साली एका मोठ्या चाचणीत दिसून आले. विश्रांतीचेही स्थान आहे. ते किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

भारतातील रुग्ण बहुधा एकटा नसतो. पत्नी, मुलगा, भाऊ, कोणीतरी उशाशी असतेच. परंतु सोबत असूनही रुग्ण रिकामाच राहू शकतो. घास भरवणे, केस विंचरणे, सदऱ्याची बटणे लावणे ही सारी कामे आप्त प्रेमापोटी करतात आणि दुबळ्या हाताला मिळणारी संधी नकळत हिरावून घेतात. अर्थात, सारा भार कुटुंबावर टाकणे हाही उपाय नव्हे. नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करण्याचा प्रयोग भारतातील चौदा रुग्णालयांनी केला. २०१७ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही. तज्ज्ञांची जागा आप्तांना घेता येत नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

म्हणूनच वॉर्डाची रचना हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे. जागा अपुरी आहे, परिचारिकांवर कामाचा ताण आहे, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु खिडकीजवळ चार खुर्च्या, पत्त्यांचा जोड, कॅरमचा बोर्ड, रुग्णाच्या मातृभाषेतील वर्तमानपत्र यांना फारसा खर्च येत नाही. परमुलुखात उपचार घेणाऱ्या, वाचा गेलेल्या रुग्णाला तर आपल्या भाषेतील चार शब्द कानी पडणेही मोलाचे असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आप्तांनीही थोडा धीर धरावा. बटण लावायला पाच मिनिटे लागली तरी ते रुग्णाला लावू द्यावे.

उठावेसे वाटण्यासाठी उठण्याला काही कारण असावे लागते. ज्याला दिवसभर छताकडे पाहण्यापलीकडे काहीच नाही, त्याच्याकडून जिद्दीची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.