पट्टा कुठला, हे नंतर विचारू

सुट्टीत अबूधाबीहून आलेला आमचा नऊ वर्षांचा भाचा आठ दिवस आमच्याकडे राहिला. तिथल्या एका क्लबमध्ये तो तीन वर्षे जिउ-जित्सू शिकतो आहे. शेजारच्या खालांनी कौतुकाने विचारले, "कोणता पट्टा मिळाला रे?" तो म्हणाला, "राखाडी." "तीन वर्षांत राखाडीच? आमच्या नातवाला कराटेत दोन वर्षांत तपकिरी मिळाला!" खालांच्या मनात काही वाईट नव्हते. पण संध्याकाळी आम्ही पट्टा बघायला मागितला, तेव्हा पोरगा म्हणाला, "तिकडेच राहिला." दुसऱ्या दिवशी बॅगेतले कपडे काढताना तो पट्टा तळाशी घडी घालून ठेवलेला सापडला.

नऊ वर्षांचे मूल आपली मेहनत लपवते, तेव्हा चूक मुलाची नसते, विचारणाऱ्यांची असते. म्हणून या महिन्याच्या सदरात या पट्ट्यांचाच हिशेब मांडतो.

आधी खेळ समजून घेऊ. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. त्यांच्या परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले आणि पुढे बेलेम शहरात त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी हा तरुण शिकला. कार्लोस आणि त्यांचे धाकटे भाऊ हेलिओ यांनी जमिनीवरच्या पकडींवर भर देऊन या विद्येला आजचे रूप दिले. यात ठोसा नाही, लाथ नाही. तोंडावर मारण्याची आपल्याकडे जी मनाई आहे, तिला इथे धक्का लागत नाही. पकड, पलटी, सांध्याला पेच आणि गळ्याला आवळ, एवढाच मामला. पेच बसला की खालच्याने हाताने दोनदा थाप मारायची आणि वरच्याने त्याच क्षणी सोडायचे.

आता पट्टे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाच रंग आहेत : पांढरा, राखाडी, पिवळा, नारिंगी आणि हिरवा. पांढऱ्यानंतरच्या प्रत्येक रंगाचे पुन्हा तीन प्रकार, मध्ये पांढरी रेघ असलेला, साधा आणि काळी रेघ असलेला. शिवाय वयाची अट आहे. पिवळा सातव्या वर्षापासून, नारिंगी दहाव्या आणि हिरवा तेराव्या वर्षापासून. म्हणजे आमच्या भाच्याने कितीही जोर लावला तरी आज त्याला नारिंगी मिळालाच नसता. मग तीन वर्षांत राखाडी यात कमीपणा कसला?

सोळाव्या वर्षापासून मोठ्यांचे पट्टे सुरू होतात : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. सर्वसाधारणपणे निळ्यावर किमान दोन वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावे लागते. काळा पट्टा एकोणिसाव्या वर्षाआधी नाही. ही झाली कमीत कमी मुदत. नियमाने सराव करणाऱ्याला प्रत्यक्षात काळ्यापर्यंत पोहोचायला दहाएक वर्षे सहज लागतात. मधल्या काळात उमेद राहावी म्हणून पट्ट्याच्या टोकाला चिकटपट्टीच्या खुणा लावतात. चार खुणा झाल्या की पुढचा रंग जवळ आला, असे समजायचे.

काळ्याच्या पुढेही वर्षांचीच मोजणी आहे. लाल पट्टा या शिडीच्या अगदी वरचा. काळा मिळाल्यावर तिथपर्यंत जायला किमान ४८ वर्षे लागतात, म्हणजे ६७ वर्षांच्या आत तो कुणालाच मिळू शकत नाही. नातवंडे झाल्यावर मिळणारा पट्टा! शिकण्याला उमर लागते, हे आपल्या मदरशांतल्या बुजुर्गांना वेगळे सांगायला नको.

इतका उशीर का? कारण इथला पट्टा बहुतेक ठिकाणी एका दिवसाच्या परीक्षेवर मिळत नाही. दर तासाला जोडीदाराशी खरी झटापट होते आणि तो जोडीदार मुद्दाम पडत नाही. आपल्या कुस्तीच्या तालमीत कमरेला रंग नसतो, तरी कोण किती पाण्यात आहे हे लाल मातीत सगळ्यांना कळते. तसेच हे. उस्ताद महिनोन्‌महिने पाहतात : पांढऱ्याला खाली दबल्यावर श्वास सांभाळता येतो का, निळ्याला अडचणीतून सुटता येते का, जांभळ्याला एका डावातून दुसरा काढता येतो का. तपकिरीपर्यंत पोहोचलेला नवे डाव गोळा करण्यापेक्षा आहेत तेच घासूनपुसून नेमके करतो.

म्हणूनच आई-वडिलांनी सावध राहावे. कुणी ठरलेल्या महिन्यांत ठरलेला रंग देण्याची हमी देत असेल आणि प्रत्येक रंगाची वेगळी रक्कम आधीच सांगत असेल, तर तिथे विद्येपेक्षा कापड विकले जाते असे समजावे. प्रवेश घेण्याआधी एक तास बसून पाहावे. लहान मुलाने थाप मारली तर मोठा लगेच सोडतो का? उस्तादांचा पट्टा कुणी दिला, हे ते मोकळेपणाने सांगतात का? मुलींना मुलींबरोबरच सराव मिळतो का? स्पर्धेत मुलींना डोके झाकता येते. वस्त्र लवचिक, घट्ट बसणारे, दोरी किंवा कडक भाग नसलेले हवे. काही ठिकाणी सुरुवातीला झुकून सलामी देतात. घराला ते पटत नसेल तर पहिल्याच दिवशी उस्तादांशी अदबीने बोलावे. या खेळात हात मिळवूनही सुरुवात होते.

आणि घरी आल्यावर पट्टा विचारू नये. विचारावे, "आज किती वेळा थाप मारलीस?" थाप मारणे म्हणजे अपमान नव्हे. आपली हद्द ओळखून वेळेवर सांगणे आहे. "आणि समोरच्याने मारली तेव्हा तू लगेच सोडलेस ना?" हा प्रश्न त्याहून मोठा. जोडीदार आपला हात, आपली मान विश्वासाने आपल्या ताब्यात देतो. ती अमानत आहे. ताकद असताना हात सैल करता येणे, ही तरबियत कुठल्याही रंगाहून मोलाची.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही बैठकीत गादी अंथरली आणि भाच्याला म्हटले, "दाखव बघू." आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला त्याने हसत हसत खाली घेतले, दंडाला पेच टाकला. मुलाने थाप मारली. पोराने त्याच क्षणी हात सोडला आणि आधी विचारले, "भाईजान, लागलं नाही ना?"

मग उठून तो बॅगेकडे गेला आणि पट्टा बांधून आला. राखाडी, मध्ये काळी रेघ. खालांना हाक मारायला तो स्वतःच धावला.