धर्मशाळेचा धनी कोण?

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. इतिहासकारांच्या लेखी या गावाचे आयुष्य एकाच दिवसाचे! ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिजखान यांच्या फौजा येथे भिडल्या, मुबारिजखान रणात पडला आणि दख्खनचे धनीपण निजामाच्या घराण्याकडे गेले. विजयाच्या भरात निजामाने गावाला फत्तेखेर्डा असे नाव दिले. ते नाव कागदावर राहिले. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच टिकले. पुढे १८५३ साली वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली झाला, १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या मातीने एवढे धनी पाहिले. वाचकहो, या प्रत्येक धन्याच्या अमदानीत गावोगाव वाटसरू येत होते, दिवेलागणीला मुक्कामाची जागा शोधीत होते, पहाटे उठून पुढची वाट धरीत होते. आमचा प्रश्न एवढाच आहे की, यांपैकी कोणत्या धन्याच्या राज्यात गावच्या महाराला, किंवा परगावाहून आलेल्या महाराला, धर्मशाळेच्या ओसरीवर हक्काने पथारी पसरता आली?

निजामाच्या राज्यात आली नाही. कंपनीच्या आली नाही, राणीच्याही आली नाही. राजे बदलले, नाणी बदलली, गावाचे नावसुद्धा बदलून पाहिले. धर्मशाळेचा उंबरठा तेवढा बदलला नाही.

साखरखेर्ड्याच्या शेजारी मेहकर आहे. तेथे हेमाडपंती बांधणीच्या जुन्या धर्मशाळेचे दगडी अवशेष उभे आहेत. असे अवशेष पाहताना पंडितांना खांबांवरील नक्षी दिसते. आम्हाला आधी दिसतो तो ते दगड उचलणारा, आणि नंतर त्या दगडांपासून दूर उभा राहणारा मनुष्य. गावगाड्यात महाराकडे कोणती कामे होती, ती वाचकांना सांगावयास नकोत. परंतु मुक्कामाच्या संबंधातील कामे तेवढी निवडून पुढे ठेवली म्हणजे प्रकार स्पष्ट होतो. वेशीवर पाहुण्याला प्रथम पाहणारा महार. त्याला वाट दाखविणारा, सरकारी माणूस असेल तर त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणारा महार. घोड्याला वैरण आणि चुलीला लाकूड आणणारा महार, रात्रभर बाहेर जागून पाहुण्याच्या मालाची राखण करणारा महार. म्हणजे पांथस्थाची सगळी सेवा ज्याने करावयाची, तोच स्वतः पांथस्थ झाला की त्याने परक्या गावचा महारवाडा शोधावा आणि आपल्यासारख्याच दरिद्री माणसाच्या झोपडीत अंग टाकावे! धर्मशाळा या शब्दातला 'धर्म' कोणता, हे याहून उघड करून कोण सांगणार?

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यात मालकाचा रकाना एक असतो आणि भोगवटादाराचा दुसरा. वकिली व्यवसायात हे दोन रकाने आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. कित्येक दाव्यांचे मूळ या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेत असते. धर्मशाळांचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. मालकाच्या रकान्यात कधी यादव, कधी शहा, कधी निजाम, कधी सरकार बहादूर, कधी एखादा पुण्यवान सावकार. भोगवटादाराच्या रकान्यात मात्र आरंभापासून एकच नाव चालत आले आहे, ते म्हणजे जातिव्यवस्था. तिने भाडे दिले नाही, दुरुस्ती केली नाही, सारा भरला नाही, आणि कब्जाही सोडला नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा भारतवर्षाचा सनातन प्रघातच होता, त्याला काय करावे? हे साफ खोटे आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला लावलेली वडाची झाडे, खोदविलेल्या विहिरी आणि उभारलेली विश्रांतिस्थाने यांची नोंद करून ठेवली आहे. ही सोय माणसे आणि जनावरे या दोहोंसाठी असल्याचे तो सांगतो. त्याच्याही आधीचा दाखला पाली वाङ्मयात आहे. आपल्या अखेरच्या प्रवासात भगवान बुद्ध पाटलिग्रामी आले तेव्हा तेथील उपासकांनी त्यांना गावच्या आवसथागारात, म्हणजे पांथस्थांच्या घरात उतरविले. तेथे त्यांनी बैठका अंथरल्या, पाण्याची घागर ठेवली, दिवा लावला. आणि विनयपिटकात एक नियम असा आहे की, निरोगी भिक्खूने अशा पांथस्थगृहात एकाच वेळचे जेवण घ्यावे, अधिक नाही. हा नियम का झाला? श्रावस्तीच्या काही भिक्खूंनी तेथे रोज जेवण्याचा क्रम लावला, इतर पंथांचे लोक त्यामुळे निघून गेले, आणि लोक कुरकुरू लागले की हे अन्न काही एवढ्यांसाठीच मांडलेले नाही, सर्वांसाठी मांडले आहे. बुद्धांनी लोकांची तक्रार योग्य ठरविली आणि आपल्याच संघाला बंधन घातले. वाचकहो, या गोष्टीचे मोल ओळखा. सार्वजनिक जागेवर आपल्या माणसांचा कब्जा बसू लागताच आपल्याच माणसांना उठविणारा हा धर्मसंस्थापक आहे. असे उदाहरण आम्हाला दुसरीकडे दाखवा!

मग बिघडले केव्हा? पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला चिनी भिक्खू फाहियान एकीकडे पाटलिपुत्रातील दानशूर गृहस्थांनी गोरगरिबांसाठी चालविलेल्या औषधालयांचे वर्णन करतो, आणि त्याच प्रवासवृत्तात, चांडाळ गावाबाहेर राहतात व शहरात शिरताना लाकडावर लाकूड आपटून आपली चाहूल देतात, असेही लिहितो. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच काळात. पुढे पहिली मागे पडली आणि दुसरी शिरजोर झाली.

आता १९१७ सालच्या बडोद्याकडे वळू. परदेशातून विद्या संपादून आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी त्या शहरी उतरले. ज्या संस्थानाने त्यांना शिक्षणासाठी सातासमुद्रापार पाठविले, त्या संस्थानच्या राजधानीत त्यांना खोली मिळेना. हिंदू खानावळ्यांची दारे बंद होती. एका पारशी पथिकाश्रमाच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया भाड्याने जागा दिली, पण नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे या अटीवर. अडगळीने भरलेल्या त्या अंधाऱ्या माडीवर त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम सोडून गेले. एक हिंदू मित्र होता, त्याला नोकर निघून जातील अशी भीती. एक ख्रिस्ती मित्र होता, त्याला बायकोला विचारावयाचे होते. भारताच्या संविधानाचा भावी शिल्पकार एका सार्वजनिक बागेत आगगाडीच्या वेळेची वाट पाहत बसला. ही हकिगत वाचकांना पाठ आहे. आम्हाला तिच्यातील नोंदवहीकडे लक्ष वेधावयाचे आहे. खोटे नाव लिहिले म्हणून खोली मिळाली, आणि खरे नाव कळले म्हणून ती गेली. जो आसरा खोट्या नावावर उभा असतो, त्याची मुदत जास्तीत जास्त अकरा दिवस!

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला. महाडच्या संगरामुळे त्या ठरावातील पाणवठे सर्वांच्या ध्यानात राहिले. परंतु सार्वजनिक पैशाने बांधलेल्या धर्मशाळांचाही त्यात स्पष्ट उल्लेख होता, हे थोड्यांना आठवते. तो ठराव मुंबई इलाख्यापुरता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. आमच्या भागात सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा व्हावयाला १९४७ साल उजाडावे लागले. दरम्यान जे घडले ते सरकारच्या हातून नव्हे, तर अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एका परीट समाजाच्या पुरुषाच्या हातून. गाडगेबाबांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. चोखोबांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातील मेहुणाराजा येथे झाला असे मानतात. सहाशे वर्षे त्यांची समाधी विठ्ठलाच्या दाराबाहेर राहिली. त्यांच्या वारसांना आत जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आणि बाबांनी काय केले? देवळाच्या दाराशी हुज्जत न घालता चोखोबाच्या नावाचे छप्पर उभे केले आणि शेवटी ते शाळेच्या कामी लावले. संतांचे गोडवे गाणाऱ्यांनी हा फरक एकदा शांतपणे समजून घ्यावा.

आता कायद्याचे बोलू. संविधानाच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांची दारे खुली केली, अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी खुलासा केला की, 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा, जो जो आपली सेवा लोकांना देऊ करतो तो तो त्यात येतो. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घेऊन मनाई केली आहे. येथवर सर्व उत्तम. परंतु त्या कायद्याच्या कलम ३ खाली एक स्पष्टीकरण आहे, ते कलम ४ लाही लागू आहे, आणि त्यानुसार बौद्ध, शीख आणि जैन यांना हिंदू 'मानण्यात' येते. १९७६ साली कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, शिक्षा कडक झाली. हे स्पष्टीकरण मात्र आजही जागच्या जागी आहे.

याचा अर्थ असा की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी नागपुरात उघड्या मैदानावर आपले खरे नाव जाहीर केले, आणि कायद्याने त्यांना धर्मशाळेत घेताना नोंदवहीत पुन्हा दुसरेच नाव लिहिले. बडोद्याची युक्तीच ही! आणि गंमत पुढेच आहे. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मागावयास हाच बौद्ध गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की तू हिंदू नाहीस, तुला काही मिळावयाचे नाही. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरती वाट काढली. केंद्राने १९९० साली आदेश दुरुस्त करीपर्यंत तब्बल चौतीस वर्षे गेली. दारात हिंदू आणि दप्तरात बौद्ध, असा हा दुहेरी न्याय. काही मित्र म्हणतात, मानीव तर मानीव, दार उघडते ना? न्यायालयात या तरतुदीचा उपयोग जरूर करावा, आम्हीही करू. पक्षकाराचे हित सोडून तत्त्वाचा हट्ट धरणारा वकील कामाचा नाही. पण अस्पृश्यतेच्या कारणावरून अडविणे हाच मूळ अपराध असताना, अडविलेल्या माणसाला हिंदू मानण्याची मुळात गरज काय, हा प्रश्न संसदेला विचारलाच पाहिजे. ते स्पष्टीकरण काढून टाकल्याने एकाही धर्मशाळेचे दार बंद होणार नाही, कारण आज दार उघडण्यासाठी 'जनता' हा एक शब्द पुरेसा आहे.

'आता हा सगळा इतिहास झाला, हल्ली आधार कार्ड दाखवा आणि कोणत्याही लॉजात उतरा,' असे म्हणणारे आमच्यातही पुष्कळ निघाले आहेत. एका रात्रीच्या खोलीपुरते ते खरे आहे. अकरा महिन्यांच्या करारावर घर मागावयास जाऊन पाहा! आधी आडनाव, मग गाव, मग 'आम्ही शाकाहारी आहोत' हे वाक्य, आणि अखेरीस जागा कालच गेली. कलम ४ मध्ये राहत्या जागेचाही उल्लेख आहे, पण घरमालक कारण सांगत नाही आणि न सांगितलेले कारण पुराव्यात येत नाही. त्यातच २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरविला. संघटना-स्वातंत्र्याचा आधार दिला. न्यायालयाविषयी पूर्ण आदर ठेवूनही आम्ही म्हणू की, १९१७ च्या त्या जिन्यातील काठ्यांना पोटनियमाचे रूप मिळाले, तर अंगावर वळ उठत नाही एवढाच फरक पडतो.

बोट स्वतःकडे वळविल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. आपल्या वस्त्यांतून गेल्या काही दशकांत विहारे उभी राहिली. कित्येकांना वंदनेची वेळ सोडली तर कुलूप असते. रात्री अपरात्री एसटी चुकलेला विद्यार्थी, दवाखान्यात रुग्ण घेऊन आलेली खेड्यातील बाई, कापूस वेचणीला निघालेले मजूर कुटुंब यांना त्या कुलपाचा काय उपयोग? काही ठिकाणी तर विश्वस्त मंडळ एकाच कुळीचे झाले आहे आणि किल्ली एकाच घरात लटकते आहे. श्रावस्तीच्या त्या भिक्खूंचीच ही आवृत्ती. भोगवटादाराच्या रकान्यात जातीच्या जागी कुळी लिहावयाची असेल तर धर्मांतर कशासाठी केले?

तेव्हा वाचकांनी दोन कामे हाती घ्यावीत. आपल्या गावच्या जुन्या धर्मशाळेचा नमुना ८ चा उतारा मागवावा, न्यास नोंदलेला असेल तर सहाय्यक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नोंदवहीची नक्कल घ्यावी, आणि त्या जागेत आज कोणाचे गोदाम, कोणाची गुरे किंवा कोणाचे कार्यालय आहे ते ग्रामसभेत विचारावे. आणि आपल्या विहाराच्या विश्वस्त मंडळापुढे पुढील मजकुराचा ठराव ठेवावा: विहाराच्या आवारातील एक खोली पांथस्थांसाठी राखून ठेवण्यात येत आहे, तेथे कोणत्याही जातिधर्माच्या स्त्रीपुरुषास सलग तीन रात्री विनामूल्य राहता येईल, नोंदवहीत नाव, गाव आणि आल्याची वेळ एवढेच लिहून घेण्यात येईल, आणि खोलीची किल्ली विश्वस्तांपैकी कोणाच्याही घरी न ठेवता विहारातच राहील.